विमा सुरू आहे, मग ‘निराधार’चा अर्ज करायचा का? नागपूरकरांसाठी पायरीपायरीने

दोन वर्षांपूर्वी अमरावती रोडवर, वाडीच्या थोडं पुढे, ट्रकने दादाच्या गाडीला मागून उडवलं. डावा पाय गुडघ्याखाली गेला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर. घरात कागदांची भीती नसलेली मी एकटीच, त्यामुळे दवाखान्यापासून तहसीलपर्यंतच्या सगळ्या चकरा माझ्या वाट्याला आल्या. तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक फोन करतात आणि प्रश्न जवळजवळ एकच असतो: “ताई, विम्याचे पैसे मिळून राहिले. आता सरकारी अर्ज केला तर विमा बंद तर नाही ना होणार?”

नाही होणार. लोचा होतो, पण तो वेगळ्याच ठिकाणी. तोच नीट सांगते.

ही भीती येते कुठून, तर इंटरनेटवरून. अमेरिकेत खासगी दीर्घकालीन अपंगत्व विमा देणाऱ्या कंपन्या सरकारची सोशल सिक्युरिटीची अपंगत्व रक्कम मंजूर झाली की तेवढे पैसे आपल्या मासिक रकमेतून वजा करतात. तिकडच्या लोकांचे सल्ले वाचून आपल्याकडचा माणूस घाबरतो. आपल्याकडचा वैयक्तिक अपघात विमा हा ठरलेली रक्कम देणारा विमा आहे. पाय गेला तर अमुक इतके, डोळा गेला तर तमुक इतके. दोन कंपन्यांच्या पॉलिसी असतील तर दोन्हीकडून मिळतात, आणि सरकारी पेन्शन सुरू झालं म्हणून कंपनी त्यातून काही कापत नाही. (दवाखान्याच्या बिलांचा मेडिक्लेम वेगळा, तिथे एकच बिल दोनदा वसूल होत नाही.) नोकरीच्या ठिकाणच्या गटविम्यात मात्र काही वेळा खास अटी असतात, म्हणून एचआरकडून पॉलिसीची प्रत मागून घ्या. “तुमचा विमा आहे” एवढ्या तोंडी आश्वासनावर राहू नका.

आपल्याकडे गंगा उलटी वाहते. विमा कंपनी सरकारी पैशाकडे बघत नाही, पण सरकारची निराधार योजना, म्हणजे दिव्यांगांना आणि निराधारांना महिन्याला पैसे देणारी, तुमच्या उत्पन्नाकडे बघते. त्यामुळे कोणत्या नावाने किती पैसे येतात, हा हिशोब आधी.

पहिली पायरी: येणारे पैसे कोणते ते ओळखा

लोक सरसकट “विमा मिळतो” म्हणतात. त्यात चार वेगळ्या गोष्टी असू शकतात.

एक, साप्ताहिक रक्कम. तात्पुरतं पूर्ण अपंगत्व, म्हणजे काही काळ कामावर जाता येत नाही, त्यासाठीची. बऱ्याच पॉलिसींत दर आठवड्याला विमा रकमेच्या १ टक्का, कमाल १०० किंवा १०४ आठवडे, आणि त्यावरही एक वरची मर्यादा. दुसरी, कायमच्या अपंगत्वाची एकरकमी भरपाई. तिसरी, आयुर्विम्याच्या पॉलिसीला जोडलेला अपघात रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीवरचा जोडविमा. एलआयसीच्या अपघाती मृत्यू व अपंगत्व रायडरमध्ये अपंगत्वाची रक्कम एकदम मिळत नाही, १० वर्षं समान मासिक हप्त्यांत येते आणि पुढचे प्रीमियम माफ होतात. चौथी गोष्ट म्हणजे ही हप्तेमाफी. ती खात्यात येत नाही, म्हणून लोक ती विसरतात आणि बँकेतून हप्ता कापला जात राहतो.

आणि एक पाचवी, जी निम्म्या लोकांना आपल्याकडे आहे हेच माहीत नसतं. पासबुक उघडा आणि मे महिन्याच्या शेवटी २० रुपये कापल्याची नोंद शोधा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. जून २०२२ च्या आधी १२ रुपये कापले जायचे. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय, किंवा एक डोळा आणि एक हात वा पाय गेला तर २ लाख; एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख. अपघातापासून ३० दिवसांत बँकेला कळवायचं असतं. दादाच्या पासबुकात ती नोंद मला विसाव्या दिवशी दिसली. तोपर्यंत घरात कोणालाच पत्ता नव्हता, दादालाही नाही.

पगार २१,००० पर्यंत असेल तर बहुधा तुम्ही ईएसआयसीत, म्हणजे कामगार विम्यात असता. कामावर झालेल्या दुखापतीसाठी त्यांचा स्वतंत्र लाभ असतो आणि तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के दराने मिळतो. सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात चौकशी करा. दादाचा पगार त्या मर्यादेच्या वर होता, त्यामुळे तो रस्ता आमच्यासाठी बंद होता.

दुसरी पायरी: मूळ कागद हातून सोडू नका

ही चूक मी केली. विमा कंपनीने मूळ डिस्चार्ज कार्ड मागितलं, मी देऊन टाकलं. पुढे अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या मेडिकल बोर्डासमोर जायची वेळ आली तर तिथेही मूळ कार्डच हवं. दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागातून प्रमाणित प्रत काढायला १९ दिवस गेले, मे महिना, ४५ डिग्री, आणि खिडकीवरचा माणूस रोज “उद्या या” म्हणायचा.

म्हणून काही जमा करण्याआधी डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, एक्स-रे, एफआयआर आणि पंचनामा, सगळ्यांच्या साक्षांकित प्रती काढा, मोबाइलवर स्कॅन करून ठेवा. मूळ कागद द्यावाच लागला तर पोच घ्या आणि पोचीवर कागदाचं नाव लिहून घ्या. “कागदपत्रे मिळाली” एवढ्याच पोचीचा पुढे काही उपयोग होत नाही.

तिसरी पायरी: यूडीआयडी

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं केंद्राचं ओळखपत्र. विम्याआधी असो वा नंतर, हे केल्याशिवाय सरकारी दारात काहीच हलत नाही. १ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्र फक्त केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच मिळतं. राज्याच्या ‘एसएडीएम’ प्रणालीतलं जुनं प्रमाणपत्र असेल तर तेही यूडीआयडीत आणून घ्यावं लागतं. महत्त्वाचं म्हणजे या कार्डाला उत्पन्नाची अट नाही. विम्याचे कितीही पैसे येत असोत, कार्ड मिळतं. अर्जाला फी नाही, सायबर कॅफेवाला भरून देण्याचे पैसे घेतो तेवढेच.

पोर्टलवर नाव आधारवर आहे तसंच टाका. दादाच्या आधारवर वडिलांचं नाव मधे आहे, पॉलिसीवर नाही. आम्ही सगळीकडे आधारप्रमाणे नाव लावलं आणि विमा कंपनीला दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं शपथपत्र दिलं. फोटो, सही किंवा अंगठा, रहिवासी पुरावा आणि उपचाराचे कागद अपलोड केले की नोंदणी क्रमांक येतो, त्याची प्रिंट काढा. नागपुरात तपासणीसाठी लोक मुख्यतः ‘मेडिकल’ किंवा सेंट्रल एव्हेन्यूवरच्या ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांत जातात. हाडांचे, डोळ्यांचे, कानांचे, मानसिक आजाराचे तपासणीचे वार वेगळे असू शकतात. आधी जाऊन विचारून या, मगच पेशंटला न्या. व्हीलचेअरवरच्या माणसाला उगाच मेडिकल चौकातून परत आणणं काय असतं ते एकदा अनुभवलंय.

तपासणीत टक्केवारी ठरते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे आणि बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात. कार्डाचा रंगही आता त्यावर ठरतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० किंवा त्याहून जास्त असेल तर निळा. अवस्था सुधारण्याची शक्यता असेल तर ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. टक्केवारी पटली नाही तर अपिलाची सोय कायद्यात आहे.

मधेच थांबून: एका पायाच्या तीन व्याख्या

बहुतेक घरं इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दादाच्या दाखल्यावर ६० टक्के आले. लगेच ऑफिसातले एक सद्गृहस्थ म्हणाले, “मग विम्याचेही ६० टक्के मागा.” असं नसतं. दाखल्यावरचे टक्के शरीराचे, सरकारी मोजणीचे. विम्यातले टक्के पॉलिसीत छापलेल्या तक्त्याचे, आणि ते विमा रकमेचे असतात. दादाच्या पॉलिसीत एका पायाला ५० टक्के लिहिले होते, तेवढेच मिळाले.

एलआयसीच्या रायडरची व्याख्या आणखी कडक. तिथे अपंगत्व पूर्ण आणि कायमचं हवं, म्हणजे माणूस पुढे कधीच कोणतंही काम करून कमावू शकणार नाही असं. किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय, किंवा एक हात आणि एक पाय गेलेला हवा. एकच पाय गेला म्हणजे रायडर लागू नाही. एजंटने तरीही फॉर्मवर “कुठलेही काम करण्यास कायमचा असमर्थ” असं लिहून आणलं होतं, वर “लिहायला काय जाते, ताई?” मी दादाला सही करू दिली नाही. एकीकडे कुठलंच काम करू शकत नाही असं लिहायचं आणि उद्या दिव्यांग महामंडळाकडे स्वयंरोजगाराच्या कर्जाला अर्ज करून दुकान चालवीन म्हणायचं, तर दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडतात.

तिसरी व्याख्या पीएफवाल्यांची. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर पेन्शन मिळतं, त्याला १० वर्षं सेवेची अट नाही, किमान एका महिन्याचं अंशदान भरलेलं असलं तरी चालतं. आणि तिथे वैद्यकीय मंडळ बघतं ते एवढंच, की अपघाताच्या वेळी जे काम करत होता त्या कामासाठी माणूस कायमचा अपात्र झाला का. कुठलंही काम नाही, ते काम. दादाला कंपनीने स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं, नोकरी टिकली, म्हणून आम्ही हा अर्ज केला नाही. पण नोकरी गेली असेल तर तुकडोजी पुतळ्याजवळच्या पीएफ कार्यालयात जरूर विचारा. सरकारी नोकरीत असाल तर गोष्टच वेगळी: सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापना काढू शकत नाही की खालच्या पदावर आणू शकत नाही.

सांगायचं काय, तर प्रत्येक फॉर्मवर त्या फॉर्मने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या, पण वस्तुस्थिती सगळीकडे तीच ठेवा. कोणता पाय, कुठून गेला, अपघाताची तारीख, पूर्वी कोणतं काम होतं, आता काय जमतं. हे मी एका कोऱ्या कागदावर लिहून फाइलच्या वर लावलं आहे, प्रत्येक फॉर्म त्यातूनच भरला.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचंही तेच. साप्ताहिक रकमेच्या फॉर्मवर एका डॉक्टरांनी “रुग्ण तीन महिन्यांत कामावर रुजू होऊ शकेल” असं लिहिलं. त्यांच्या मनात होतं बसून करायचं हलकं काम. कंपनीने वाचलं कामावर रुजू, आणि तेराव्या आठवड्यानंतर पैसे थांबवले. डॉक्टरांना सांगा, काम कोणतं ते लिहा. “उभे राहून, वाकून, वजन उचलून करायचे फिटरचे काम” असं लिहिलं असतं तर आमचे दोन महिने वाचले असते.

चौथी पायरी: निराधारचा हिशोब

संजय गांधी निराधार अनुदान योजना. अटी: वय १८ ते ६५, राज्यात १५ वर्षं वास्तव्य, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत. इतर निराधारांसाठी ही मर्यादा २१,००० आहे, त्यामुळे कोणी “२१ हजार” म्हणून हाकलून लावलं तर दिव्यांगांची मर्यादा वेगळी आहे हे शांतपणे सांगा. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये मिळतात, त्याआधी १,५०० होते. ८० टक्क्यांच्या वर अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनचे ३०० रुपये महिना असतात, ते या रकमेत धरलेले असतात, वरचे नाहीत.

आता विम्याचा हिशोब. समजा रायडर ५ लाखांचा आहे आणि तो मंजूर झाला. १० वर्षं म्हणजे १२० हप्ते, महिन्याला सुमारे ४,१६७ रुपये. वर्षाचे ५०,०००. म्हणजे घरात दुसरा एक पैसा येत नसला तरी तुम्ही बरोबर मर्यादेच्या काठावर उभे. रायडर १० लाखांचा असेल तर विषय संपला. एकरकमी भरपाई एकदाच येते, पण ती मुदत ठेवीत टाकली तर व्याज दरवर्षी येतं: ५ लाखांवर ७ टक्क्यांनी ३५,०००.

हे पैसे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सांगायचे की नाही, असं लोक हळू आवाजात विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: सांगा. पासबुक तुम्हीच जोडता, त्यात विमा कंपनीचं नाव छापून येतं. तलाठ्याच्या चौकशीत ते दिसणारच, आणि शपथपत्रावर सही तुमची असते.

आमचा हिशोब बसला नाही. दादाचा पगार सुरू, वहिनी शिवणकामाचे महिन्याला पाचसहा हजार मिळवते. अर्ज केलाच नाही. पण आमच्या गल्लीतल्या काकूंचा बसला. भाजीचा ठेला, वय ५२, बसखाली हात गेला. त्यांना सुरक्षा विम्याचे १ लाख मिळाले होते आणि मुलगा म्हणत होता, विमा घेतला म्हणजे आता निराधार मिळणार नाही. ठेल्याचं वर्षाचं उत्पन्न ३०,०००, एक लाखाच्या ठेवीवरचं व्याज ७,०००. एकूण ३७,०००. दोन्ही आकडे शपथपत्रात लिहिले, उत्पन्नाचा दाखला तेवढ्याचाच निघाला, अर्ज मंजूर झाला.

अर्ज कुठे? आधी सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारातल्या सेतू केंद्रातून किंवा जवळच्या महा ई-सेवा केंद्रातून उत्पन्नाचा आणि वास्तव्याचा दाखला. मग यूडीआयडी, आधार, रेशन कार्ड, पासबुक, फोटो असा गठ्ठा घेऊन तहसील कार्यालयाची संजय गांधी शाखा. मंजुरी समितीच्या बैठकीत होते, त्यामुळे “अर्ज दिला, पुढच्या महिन्यात पैसे” असं समजू नका. पावती घ्या. खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन बघा, कारण पैसे थेट आधारजोडणी असलेल्या खात्यात येतात. काकूंचे पहिले दोन हप्ते त्या कधीच न वापरलेल्या दुसऱ्याच बँकेच्या खात्यात जाऊन पडले होते. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीची पडताळणी असते, ती चुकवू नका.

पाचवी पायरी: निराधार नाही बसलं तरी

बरेच जण इथे फाइल बंद करतात. करू नका.

कृत्रिम पाय, व्हीलचेअर, श्रवणयंत्र यांसाठी केंद्राची एडीआयपी योजना आहे आणि तिची उत्पन्नाची मर्यादा फार मोकळी आहे: महिन्याला २२,५०० पर्यंत पूर्ण मदत, ३०,००० पर्यंत अर्धी. म्हणजे रायडरचे पैसे घेणारा माणूसही इथे बसतो. धंतोलीत यशवंत स्टेडियमच्या आवारात केंद्र सरकारचं दिव्यांग पुनर्वसन केंद्र आहे, लोक ‘सीआरसी’ म्हणतात. तिथे विचारा.

एसटीत ४० टक्क्यांवर तिकिटात ७५ टक्के सवलत. आयकर भरत असाल तर जुन्या करप्रणालीत ७५,००० ची वजावट, ८० टक्क्यांवर १,२५,०००. नव्या प्रणालीत ती नाही. महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्यातल्या योजनांची चौकशी समाजविकास विभागात करा. ग्रामीण भागात असाल तर ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेत.

आणि विमा कंपनी अडली तर

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या, सोबत आयआरडीएआय या विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंदवा किंवा १५५२५५ वर फोन करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. नागपूरसाठी पुण्याचं कार्यालय. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत, फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे. मात्र ग्राहक आयोगात आधीच केस टाकली असेल तर लोकपाल ती घेत नाहीत, तेव्हा घाईत दोन्ही दारं वाजवू नका.

दादाचे थांबलेले आठवडे आम्ही याच रस्त्याने मागितले. डॉक्टरांकडून कामाचं वर्णन असलेली नवी चिठ्ठी, यूडीआयडीची प्रत आणि एक पानी अर्ज. बाविसाव्या दिवशी उरलेली रक्कम जमा झाली. पुण्याला जायची वेळ आली नाही.